नुक्ते मोजताना

आमच्या घरी मशीन आली ती पगाराच्या बदल्यात. धाकटा भाऊ शारजात टी-शर्टवर नावं आणि नंबर लावून देणाऱ्या एका दुकानात कामाला होता. 2020 च्या टाळेबंदीत दुकान बसलं, पाच महिन्यांचा पगार थकला. मालकाने शेवटी हात वर केले. पैसे नाहीत म्हणाला, ही छोटी कटिंग मशीन आणि हे चार रोल घेऊन जा. भाऊ घरी आला तो ती मशीन लेकरासारखी पोटाशी धरून.

अम्मीने चष्मा पुसून मशीनकडे नीट पाहिलं. प्रिंटरएवढा पांढरा डबा. झाकण उघडलं तर आत एक रूळ आणि पेनाएवढ्या नळीत बसवलेलं, नखाच्या टोकाएवढं पातं. "पाँच महीने की मेहनत का ये डब्बा?" एवढंच बोलून ती वजूला उठली.

दोन महिन्यांनी भाऊ पुण्याला गाडी चालवायला गेला. मशीन माझ्याकडे राहिली. मी युनिफॉर्म शिवते. सोलापुरात यात नवल नाही, आमच्या गल्लीत चार घरांआड एक शिलाई मशीन शाळेच्या पोरांच्या शर्ट-पँटींवर चालू असते. पण तेव्हा शाळाच बंद होत्या. त्या रिकाम्या दिवसांत भावाला फोन करकरून मी हे काम शिकले.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना थोडं सांगते. रस्त्याकडेच्या रेडियमवाल्याकडे नंबर प्लेटची अक्षरं कापणारी मशीन असते ना, तिचीच ही घरगुती धाकटी बहीण. फरक मालात आहे. गाडीच्या रेडियमला पाठीमागे चिकट असतं, कपड्याच्या रेडियमला गरम झाल्यावर पकडणारा गोंद असतो. एका बाजूला पारदर्शक प्लास्टिक, त्यावर रंगाचा पातळ थर, त्यावर गोंद. प्लास्टिक खाली ठेवून हा पत्रा चिकट चटईवर पसरायचा आणि चटई मशीनला द्यायची. पात्याने गोंद आणि रंग कापायचे, प्लास्टिकला मात्र ओरखडाही येता कामा नये. पातं किती बाहेर काढायचं, किती दाबायचं, हे प्रत्येक रोलचं निराळं. म्हणून आधी कोपऱ्यात एक छोटा चौकोन कापून बघायचा. मग नको असलेला रंग आकड्याने उचलून काढायचा. भावाच्या दुकानात याला वीडिंग म्हणत. मी खुरपणी म्हणते. आजोळच्या शेतात लहानपणी तेच तर केलंय, पीक ठेवायचं आणि तण उपटायचं.

यानंतर इस्त्री. खाली गादी नको, कडक पाट हवा. वाफ नको. वर बटर पेपर ठेवून इस्त्री दाबायची, फिरवायची नाही. फिरवली की अक्षर सरकलंच. माल विकणारे 150 ते 160 अंश आणि दहा-पंधरा सेकंद असं सांगतात, पण घरच्या इस्त्रीला अंश कुठले? काटा 'कॉटन'वर ठेवायचा आणि हाताला अंदाज येईपर्यंत चिंध्या जाळायच्या. मी पुष्कळ जाळल्या.

सगळ्यात पहिली चूक सगळेच करतात ती मीही केली. रंग पाठीमागून कापला जातो, म्हणून नक्षी आरशातल्यासारखी उलटी करून मशीनला द्यावी लागते. मी दिली सरळ. भाच्याच्या जर्सीच्या पाठीवर त्याचं नाव उलटं उमटलं आणि तो रडायला लागला. अम्मी कोपऱ्यात तस्बीह घेऊन बसली होती. म्हणाली, "खाका उल्टा धरी क्या?"

खाका हा शब्द तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकला. अम्मीने आयुष्यभर जरीचं काम केलं. विजापूर वेशीतल्या एका व्यापाऱ्याकडून तिला मखमल, जर आणि टिकल्या मिळायच्या. दुपट्ट्याचे काठ, नवरदेवाच्या शेरवानीचे गळे आणि कुरआन शरीफ ठेवायची जुजदानं, त्यावर नावं. नक्षी आधी ट्रेसिंग पेपरवर काढायची, मग रेषेरेषेवर सुईने बारीक भोकं पाडायची. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून, रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड चिंधीने फिरवली की भोकांमधून ठिपके खाली उतरतात. त्या ठिपक्यांवरून जर चालवायची. एक खाका शंभर वेळा वापरता येतो. पण कागद दोन्हीकडून सारखाच दिसतो, म्हणून अम्मी प्रत्येक खाक्याच्या कोपऱ्यात उर्दूत 'ऊपर' असं लिहायची. मी ज्यासाठी एक जर्सी वाया घालवली ते तिला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

नाव भरलेलं एक जुजदान करायला तिला दोन दिवस लागत. मशीन तेच नाव काही मिनिटांत कापते. मजुरी किती मिळायची ते मी तिला विचारलं होतं. तिने सांगितलं नाही. मी माझी सांगितली नाही.

शाळा उघडल्यावर युनिफॉर्म परत आले, पण मशीनलाही काम मिळू लागलं. टेनिस बॉलच्या स्पर्धांच्या जर्सी, गड्ड्याच्या यात्रेत स्वयंसेवक म्हणून उभं राहणाऱ्या पोरांचे टी-शर्ट, गणेश मंडळांचे, बारशाचे, वाढदिवसाचे. देवनागरी अक्षरं कापायला मला आवडतात. सुरुवातीला त्यांनीही छळलं. पडद्यावर अक्षरं शेजारी-शेजारी दिसतात, पण प्रत्येकाची शिरोरेघ दुसरीवर थोडी चढलेली असते. मशीन प्रत्येक अक्षराची कड इमानदारीने कापते आणि रेघेचे तुकडे करते. आधी सगळी अक्षरं एकजीव करून घ्यावी लागतात. ते जमलं की अख्खा शब्द शिरोरेघेला धरून असतो, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. खुरपताना कुठलं अक्षर हातातून सुटत नाही. सुटला तर एखादा अनुस्वार.

एकच काम मी परत पाठवलं. 2022 च्या ईद-ए-मिलादच्या आधी काही पोरं आली. जुलूससाठी साठ टी-शर्ट, छातीवर कलमा. पैसे रोख द्यायला तयार होती. मला त्यात वावगं काही दिसत नव्हतं, निदान त्या रकमेकडे बघताना दिसत नव्हतं. अम्मीने आतूनच विचारलं, हे घालून पोरं मुतारीत जातील तेव्हा काय करतील? घामाचा शर्ट मोरीत आपटतील तेव्हा? पोरं गप्प झाली. मी त्यांना हिरव्या रंगात नुसती चंद्रकोर लावून देते म्हटलं. ती दुसरीकडे गेली आणि तिथून करून आली. जुलूसमध्ये मी ते टी-शर्ट पाहिले. अक्षरं छान बसली होती. अजूनही मला वाटतं अम्मीचं बरोबर होतं. तरी ते साठ टी-शर्ट डोळ्यांपुढून गेले तेव्हा मी मनात हिशेब केलाच.

2023 च्या रमजानच्या आधी मोहल्ल्यातल्या मदरशाचे हाफिजसाब घरी आले. त्या वर्षी नाजरा पूर्ण केलेली छत्तीस मुलं-मुली होती. प्रत्येकाला कुरआन शरीफ आणि नाव घातलेलं जुजदान द्यायचं होतं. हाफिजसाबना अम्मीचं जरीकाम आठवत होतं, ते तिलाच काम द्यायला आले होते. अम्मीने हात पुढे करून दाखवले. बोटं वाकलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "इसके मशीन को बोलो."

हे तिने रागाने म्हटलं की मायेने, ते मला त्या वेळी कळलं नाही.

काम घेतलं. अम्मीचा आग्रह मखमलीचा, पण मखमलीवर इस्त्री दाबली की लव कायमची बसते आणि चौकोनी डाग उरतो, शिवाय लवेवर रेडियम धड पकडत नाही. म्हणून हिरवं केसमेंट घेतलं, आतून अस्तर, तोंडाला नाडी. वर सोनेरी अक्षरात नाव. उर्दूत.

इथे माझी अडचण सुरू झाली. अम्मी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकली. अब्बा पॉवरलूमवर होते. पोरीला कचेरीत गेल्यावर कुणासमोर अडखळायला नको म्हणून त्यांनी मला महापालिकेच्या मराठी शाळेत घातलं. मी मराठी घेऊन बी.ए. झाले. लहानपणी मीही नाजरा केलं, कुरआन शरीफ आजही वाचते, पण ते जेर-जबर लावलेलं, सरळ बसलेलं अक्षर. उर्दूचं नस्तालीक तिरपं उतरत जातं, एकावर एक चढतं आणि जेर-जबर मनातल्या मनात लावून घ्यावे लागतात. त्यातली अक्षरं मला ओळखू येतात, शब्द ओळखू येत नाहीत. आमच्यासारखे खूप आहेत. मेळाव्यात, संमेलनात आपण ठणकावून सांगतो की आमची मातृभाषा मराठी आहे, आणि ते खरंच आहे. पण घरातल्या ट्रंकेत आईने लिहिलेली चिठ्ठी सापडली तर ती वाचायला शेजारच्या मुलाला बोलवावं लागतं, हेही खरंच आहे.

माझ्या मशीनच्या प्रोग्रॅममध्ये उर्दू लिहिलं तर अक्षरं सुटी-सुटी पडायची, वर डावीकडून उजवीकडे. म्हणून लग्नाच्या उर्दू पत्रिका छापणाऱ्याकडे गेले. त्याने इनपेजमध्ये छत्तीस नावं टाईप करून त्यांची चित्रं करून दिली. चित्रावरून मशीनला कड ओळखायला लावायची, उलटवायची, कापायची. कापणं सोपं होतं. खुरपणीने जीव काढला.

देवनागरीत शब्दाला धरून ठेवणारी रेघ असते. उर्दूत शब्दाबाहेर नुक्ते असतात, एकटेच, कुणाला न धरता. नस्तालीकचा नुक्ता चौकटच्या इक्क्यासारखा चार कोनांचा असतो. तो दोन मिलिमीटरचा झाला की पात्याला त्या चार कोनांवर वळता वळता नुक्त्यालाच ओढायचा मोह होतो. कापला गेला तरी आजूबाजूचा रंग उचलताना तो रंगाबरोबर निघून जातो आणि कळतही नाही. अहमद, अस्लम, उमर, ताहिर अशी नावं आली की मी सुटकेचा श्वास टाकायची, त्यांत नुक्ताच नाही. शफीक आला की पाठ भरून यायची. मी तीन रात्री बसून छत्तीसही नावं पूर्ण केली. शेवटचं प्लास्टिक ओढलं, जुजदानांची चळत लावली आणि अम्मीला म्हटलं, झालं.

सकाळी हाफिजसाब न्यायला येणार होते. इशाची नमाज झाल्यावर अम्मी चळतीजवळ येऊन बसली. एकेक जुजदान नाकाशी धरून नाव मोठ्याने वाचायची आणि मांडीच्या डाव्या बाजूला ठेवायची. बशीर. यूसुफ. मरियम. मी भांडी घासत ऐकत होते. मध्येच आवाज थांबला.

"ये किसका हाय?"

मी यादी बघून म्हटलं, अब्दुर्रहीम. मागच्या गल्लीतल्या भंगारवाल्याचा मुलगा.

अम्मीने ते जुजदान खाली ठेवलं नाही, डाव्या बाजूलाही ठेवलं नाही. तसंच हातात धरून राहिली. मग बोट टेकवून दाखवलं. 'हे' अक्षराच्या खाली एक नुक्ता बसला होता. तिथे तो नसायला हवा होता. दुसऱ्याच कुठल्या तरी नावातून आकड्याला चिकटून आलेला तो नुक्ता त्या उघड्या चिकट प्लास्टिकवर पडला असणार आणि इस्त्रीखाली पक्का झाला. खाली एक नुक्ता आला की 'हे' चा 'जीम' होतो. रहीमचा रजीम होतो.

उर्दू न येणाऱ्या वाचकालाही रजीम कोण ते सांगायला नको. तिलावतीला बसताना ज्याच्यापासून आपण पहिल्यांदा पनाह मागतो, त्याच्या नावापुढे हा शब्द लावतात. दहा वर्षांचं पोर, कुरआन शरीफचं जुजदान, आणि त्यावर सोनेरी अक्षरात मी त्याला अल्लाहच्या ऐवजी कुणाचा बंदा करून ठेवलं होतं.

माझे हात साबणाचेच होते. मला आधी वाटलं अम्मी ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तूने पढको नै देखी?"

मी काय सांगणार? पाहिलं होतं. तीन वेळा पाहिलं होतं. मला ती एक सुंदर नक्षी दिसली होती.

मी चिमटा घेऊन बसले. गरम इस्त्री लावून तो एक नुक्ता उचलता येतो, पण खाली गोंदाचा चकाकता ठिपका राहतो. अम्मीने उजेडात धरून पाहिलं आणि मान हलवली. दाग दिसतोय, पोराची आई विचारेल. मग बाकीची जुजदानंही तपासायला घेतली. जैनबमधल्या 'जे' वरचा नुक्ता गेला होता, तिची रैनब झाली होती. बशीरच्या 'शीन'वर तीनऐवजी दोनच होते. अम्मीने पहिल्या वेळी ते नाव अंदाजाने वाचून टाकलं होतं. या वेळी स्वतःवरच चिडली. "नाम मालूम रहा तो आँख झूट बोलती," म्हणाली. तेव्हा तिने वाचणं बंद केलं आणि मोजणं सुरू केलं.

ही तिची जुनी रीत निघाली. खाका करताना प्रत्येक नावाखाली ती नुक्त्यांचा आकडा लिहून ठेवायची आणि जर भरून झाल्यावर आधी टिकल्या मोजायची, नाव नंतर वाचायची. व्यापारी एक चुकलेला नग परत आला की दोन नगांची मजुरी कापायचा. मी वहीचं पान फाडून दिलं. ती सांगत गेली, मी मराठीत लिहीत गेले. शफीक आठ. बशीर सहा. जैनब पाच. यूसुफ तीन. अब्दुर्रहीम तीन. ताहिर शून्य. शून्यही लिहायला लावला. ताहिरवर चुकून एक नुक्ता पडला तर तो जाहिर होतो, म्हणून शून्य मोजायचा सगळ्यात आधी.

तीन नावं पुन्हा कापायची ठरली. "नुक्ता मोटा रख," अम्मी म्हणाली. "कागद का नुक्ता अलग, कपड़े का अलग." मी पडद्यावर नुक्ते थोडे फुगवले आणि पात्याचा वेग कमी केला. खुरपताना एक कोरी वाटी शेजारी ठेवली. आकड्याला लागलेला प्रत्येक तुकडा तिच्यात झटकायचा, मगच पुढचा उचलायचा. तीन जुजदानं नव्याने शिवायला रात्रीचे अडीच वाजले. अम्मी समोर बसून नाड्या ओवत होती. सुईत दोरा ओवायला तिला आता मी लागते, पण नाडी तिला ओवता येते.

खराब झालेल्या तिन्ही जुजदानांवरची अक्षरं तिने मला गरम करून सोलायला लावली. रहीम हे नाव कचऱ्यात जाणार नव्हतं. जीर्ण झालेली, शहीद झालेली पानं ठेवायला मशिदीच्या भिंतीत पेटी आहे, तिथे टाकण्यासाठी सोनेरी तुकडे एका पुडीत बांधले. तो चुकीचा नुक्ताही त्यातच गेला का, ते मी पाहिलं नाही.

सकाळी हाफिजसाब आले, छत्तीस मोजून घेऊन गेले. पैसे मी अम्मीच्या हातात ठेवले. तिने बाराशे रुपये बाजूला काढले आणि उरलेले परत दिले. कसले म्हणून विचारलं तर म्हणाली, गिनने की मजुरी. मला हसू आलं, पण तिने ते पैसे खरोखरच बटव्यात टाकले. आज जे काम उर्दूत येतं त्याची मोजणी तिची आणि मजुरीही तिची. मशीनला ती अजूनही हात लावत नाही.

मी मात्र अलिफ-बेची वही आणली आहे. दुपारी शिलाई बंद करून अर्धा तास तिच्यासमोर बसते. आत्ता कुठे जेर-जबर नसलेले तीन-चार अक्षरांचे शब्द जमतात. मला मोठी गंमत या गोष्टीची वाटते की ती शिकवताना मराठीत बोलते. घरात आम्ही दोघी आपली दखनी बोलतो, पण वही उघडली की ती मास्तरीण होते, आणि तिच्या डोक्यात मास्तरीण मराठीतच बोलते.

कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने अब्दुर्रहीमची आई जुजदान घेऊन आली. माझ्या छातीत धस्स झालं. पण तक्रार नव्हती. तिला उर्दू वाचता येत नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही नाही, पोरगा इंग्रजी शाळेत. सासरी सगळ्यांना दाखवायचंय, तर खाली बारीक मराठीतही नाव घालून देता येईल का? हाफिजसाब रागावणार नाहीत ना?

मी घालून दिलं. रेघेला धरून अख्खं नाव एका झटक्यात उचललं आणि इस्त्री दाबली. अम्मीने सवयीने ते नाकाशी धरलं.

"इसमें नुक्ते कित्ते?"

"एक भी नै," मी म्हटलं. तिने तरीही मोजलं.